गाय निवडताना तिची कातडीही वाचावी

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावर सकाळच्या उपनगरी गाड्या येऊ लागल्या की प्रवाशांच्या गर्दीबरोबर ओल्या फडक्यांनी झाकलेल्या टोपल्याही फलाटावर उतरतात. त्यांतून पाणी ठिबकत असते. आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यांत दूध फाडून तयार केलेला हा छेना. हमाल तो डोक्यावर घेऊन जवळच्या बऊबाजारातील छानापट्टीकडे निघतात. तेथून तो मिठाईवाल्यांकडे जातो आणि त्याचे संदेश व रसगुल्ले होतात. एका प्रशिक्षणासाठी कल्याणीला जाण्याकरिता मी या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभी होते. कीटकशास्त्राच्या सवयीने माझी नजर प्रथम टोपल्यांवर घोंगावणाऱ्या माश्यांकडे गेली. मग मनात आले, हे दूध कोणत्या गाईचे असेल?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रसगुल्ल्याला मऊ, ओलावा धरून ठेवणारा छेना लागतो आणि तो गाईच्या दुधापासूनच चांगला होतो. म्हशीच्या दुधाचा छेना कठीण व स्निग्ध होतो. म्हणजे मिठाईच्या दुकानातील ग्राहकाची जीभ शेवटी खेड्यातील गोठ्यात कोणते जनावर बांधले जाईल, यावर परिणाम करते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सर्वाधिक गोवंश पश्चिम बंगालमध्ये आढळला, सुमारे १ कोटी ९० लाख. २०१२ च्या तुलनेत ही वाढ सुमारे १५ टक्के होती. त्याच काळात महाराष्ट्रातील गोवंश सुमारे १० टक्क्यांनी घटून १ कोटी ४० लाखांच्या आसपास आला. या फरकामागे कारणे अनेक आहेत. परंतु गाईच्या दुधाला हक्काची बाजारपेठ असणे, हे त्यांतील एक निश्चितच आहे.

कल्याणीच्या वाटेवर रेल्वेच्या खिडकीतून दिसतात त्या गाई बहुधा लहान चणीच्या असतात. मूळ स्थानिक गाय आणि तिच्यात कमी-अधिक प्रमाणात मिसळलेले जर्सीचे रक्त. दमट उष्म्यात होल्स्टीन फ्रिजियनपेक्षा जर्सी बरी तगते, तिला चारा कमी लागतो आणि दुधाला फॅट अधिक लागतो. बाजार, चारा आणि हवामान या तीन कसोट्यांवर बंगालच्या पशुपालकाने आपले उत्तर शोधलेले दिसते. आपल्याकडेही गाईच्या जातींविषयी बोलताना याच कसोट्या पुढे येतात. त्यांतही सर्वांत मोठा आवाज असतो तो ‘किती लिटर?’ या प्रश्नाचा. या लेखात मला चौथ्या कसोटीविषयी लिहावयाचे आहे. ती गाईच्या कातडीवर लिहिलेली असते आणि आपल्या नोंदवहीत तिच्यासाठी रकानाच नाही. ही कसोटी म्हणजे गोचीड, माश्या आणि डास यांना तोंड देण्याची त्या गाईची क्षमता.

आरंभीच एक खुलासा. गोचीड हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या गोचिडाला आठ पाय असतात आणि त्याचे नाते कोळी व विंचवाशी आहे. तरीही परंपरेने तो आम्हा कीटकशास्त्रज्ञांच्या पदरी आला, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. अमेरिकेत दक्षिणेकडील गुरे उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरील उत्तरेची गुरे तापाने मरत. दक्षिणेची मात्र धडधाकट दिसत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले की हा ताप रक्तातील आदिजीवामुळे येतो आणि तो गोचीड पसरवते. संधिपाद प्राणी अशा आदिजीवाचा रोग पसरवतो, याचा तो पहिला पुरावा होता. त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, कोलकात्यातच रोनाल्ड रॉस यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचा डासांतील प्रवास उलगडला. मलेरियाच्या शोधाची कथा आपण मुलांना सांगतो; तिच्या आधीची पायरी गाईच्या कातडीवर होती, हे मात्र सहसा सांगत नाही.

त्या कथेत आजच्या पशुपालकासाठीही एक धडा आहे. दक्षिणेची गुरे गोचिडांच्या सहवासात वाढली होती. वासरूपणीच सौम्य संसर्ग होऊन गेल्याने त्यांच्यात प्रतिकारशक्ती तयार झाली होती. उत्तरेच्या गुरांना हा सराव नव्हता. अर्थात गाय रोगाला कशी तोंड देते हे तिच्या जातीवर जसे अवलंबून असते, तसेच ती कोठे आणि कशी वाढली यावरही असते. दूरच्या जिल्ह्यातून वा परराज्यातून महागडी गाय विकत आणणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

आपल्या गोठ्यांत प्रामुख्याने दोन प्रकारच्या गोचिडी महत्त्वाच्या आहेत. पहिली ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ती अंड्यातून निघालेल्या पिल्लापासून रक्त पिऊन फुगलेल्या मादीपर्यंतचे सुमारे तीन आठवडे एकाच जनावराच्या अंगावर काढते आणि मग जमिनीवर पडून दोन ते तीन हजार अंडी घालते. बबेसिओसिस, म्हणजे तांबडे मूत्र होणारा ताप, आणि ॲनाप्लाझ्मोसिस हे रोग ती पसरवते. दुसरी हायलोमा ॲनाटॉलिकम. ती वाढीच्या टप्प्यांत जनावर सोडून भिंतींच्या भेगांत, गव्हाणीच्या फटींत दडते आणि थायलेरिओसिस हा जीवघेणा ताप पसरवते. म्हणूनच केवळ जनावराच्या अंगावर औषध फवारून दुसरी गोचीड आटोक्यात येत नाही. आपण गाय धुतो आणि गोचीड भिंतीत बसून वाट पाहते.

नाशिक जिल्ह्यातील एका पशुपालकाच्या गोठ्यात मी हे जवळून पाहिले. त्यांनी बाजारातून दोन संकरित गाई आणल्या होत्या. दोन्ही दुधाला उत्तम. महिनाभराने गोठ्यातील संकरित कालवडीला तीव्र ताप आला, खांद्यापुढील गाठी सुजल्या, डोळ्यांच्या आतील त्वचा पांढरी पडली. निदान होईपर्यंत उशीर झाला होता आणि कालवड दगावली. त्याच दावणीला बांधलेल्या दोन डांगी गाईंच्या अंगावरही गोचिडी होत्या, पण थोड्या. आणि त्यांच्या खाण्यापिण्यात कसलाही फरक पडला नव्हता. एका गोठ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु थायलेरिओसिसचा मोठा फटका संकरित जनावरांना, विशेषतः वासरांना बसतो, हे पशुवैद्यकांच्या अनुभवात आणि संशोधनात वारंवार आढळलेले सत्य आहे.

वशिंड असलेल्या आपल्या गोवंशात हा फरक कोठून येतो? केस आखूड, तुळतुळीत आणि कातडीला घट्ट बिलगलेले असतात. त्यामुळे गोचिडीच्या पिल्लांना आधार कमी मिळतो. माशी बसताच कातडी थरथरवण्याची क्षमता चांगली असते. जनावर स्वतःला अधिक चाटते आणि पिल्ले काढून टाकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोचीड चावलेल्या जागी कातडीतील संरक्षक पेशी लवकर गोळा होतात. गोचिडीला नीट रक्त पिता येत नाही आणि बहुतेक पिल्ले वाढ पूर्ण होण्याआधीच गळून पडतात. ही क्षमता मध्यम प्रमाणात आनुवंशिक असते. म्हणजे दुधाप्रमाणेच तिचीही निवड करता येते.

या नजरेने महाराष्ट्राच्या जातींकडे पाहिले तर त्यांची वैशिष्ट्ये वेगळ्या प्रकाशात दिसतात. अकोले, इगतपुरी आणि डांगच्या अतिपावसाच्या डोंगराळ पट्ट्यातील डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे मुसळधार पावसातही पाणी अंगावर टिकत नाही. तिचे काळे, टणक खूर भाताच्या चिखलात कुजत नाहीत. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या अवर्षणप्रवण माणदेशातील खिल्लार ही उन्हाची आणि चालीची जात. दूध बेताचे, पण बैल चपळ आणि काटक. नांदेडच्या कंधार भागातील लाल कंधारी कमी चाऱ्यावर शेतकाम आणि घरापुरते दूध, दोन्ही निभावते. लातूर आणि बिदरच्या सीमाभागातील देवणी ही आपल्या जातींतील खऱ्या अर्थाने दुहेरी उपयोगाची. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन प्रकार रंगावरून ओळखतात. वर्ध्याच्या आर्वी परिसरातील गवळाऊ पूर्वी वेगवान वाहतुकीसाठी प्रसिद्ध होती. कोकणातील लहानखुरी कोकण कपिला डोंगरउतारावर चरून जगते. यांतील प्रत्येक जात त्या त्या भागातील ऊन, पाऊस, चारा आणि रक्तपिपासू जीव यांच्या शेकडो वर्षांच्या चाळणीतून उतरली आहे. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात आपण शिंगांचा आकार आणि कातडीचा रंग लिहितो. ती चाळणी मात्र लिहीत नाही.

येथे थांबून दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ‘देशी गाय आजारी पडत नाही’ असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. लंपी चर्मरोग भारतात प्रथम २०१९ मध्ये ओडिशात नोंदला गेला आणि २०२२ मध्ये गुजरात, राजस्थान व महाराष्ट्रात त्याने थैमान घातले. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडी हे त्याचे वाहक. या साथीत देशी गाईही मोठ्या संख्येने दगावल्या. प्रतिकारशक्ती ही तुलनेने कमी-अधिक असते. ती अभेद्य कवच नसते. नवा विषाणू आला की जुनी चाळणी अपुरी पडते. अशा वेळी लसीकरण, आजारी जनावराचे विलगीकरण आणि वाहकांचे नियंत्रण यांना पर्याय नाही. देशी गाईच्या अभिमानापोटी लस टाळणारे पशुपालक मला भेटले आहेत. त्यांच्या श्रद्धेची किंमत त्यांच्या वासरांनी मोजली.

त्याचप्रमाणे संकरित गाईला दोष देण्याचाही माझा हेतू नाही. महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांचा संसार संकरित गाईच्या दुधावर उभा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘फुले त्रिवेणी’ हे विचारपूर्वक संकराचे आपले उदाहरण आहे. तिच्यात ५० टक्के होल्स्टीन फ्रिजियन, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर रक्त आहे. दुधासाठी विदेशी आणि तग धरण्यासाठी देशी, असे हे नियोजित प्रमाण आहे. अडचण येते ती नियोजन सुटल्यावर. पहिल्या पिढीची संकरित गाय दोन्ही बाजूंचे गुण घेऊन येते. तिला पुन्हा पुन्हा होल्स्टीनचेच वीर्य भरत गेले की तिसऱ्या-चौथ्या पिढीत विदेशी रक्त ८५ ते ९० टक्क्यांच्या पुढे जाते. कागदावर दूध वाढते. परंतु पंखे, फॉगर, मुरघास, सततचे औषधपाणी यांची सोय नसेल तर ते दूध बादलीत येत नाही. उष्णता आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक ७२ च्या वर गेला की अधिक दूध देणाऱ्या विदेशी रक्ताच्या गाईवर ताण येऊ लागतो. कोकणात आणि कोलकात्यासारख्या दमट प्रदेशात घाम वाळतच नाही, तेथे हा ताण रात्रीही उतरत नाही. ताणाखालील गाईवर गोचीड अधिक फोफावते. म्हणून सामान्य गोठ्यासाठी विदेशी रक्ताचे प्रमाण ५० ते ६२.५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे, हा जुना सल्ला मला आजही शहाणपणाचा वाटतो.

गेल्या काही वर्षांत याच्या उलट दिशेने एक नवी चूक होऊ लागली आहे. देशी गाईची ओढ वाढली आणि देशी म्हणजे गीर, असे समीकरण रूढ झाले. गीर ही निःसंशय श्रेष्ठ दुधाळ जात. बाहेर आलेले घुमटाकार कपाळ, वळलेल्या पानासारखे लांब कान आणि शांत स्वभाव असलेली ही गाय सौराष्ट्रातून ब्राझीलपर्यंत पोहोचली. तेथे होल्स्टीनशी तिचा संकर करून ‘गिरोलांडो’ ही जात उभी राहिली, ती उष्णता आणि गोचीड यांना तोंड देत दूध मिळावे म्हणूनच. परंतु अकोल्यातील डांगीला किंवा कोकण कपिलेला सरसकट गीरचे वीर्य भरणे म्हणजे देशी संवर्धन नव्हे. तोही संकरच; फक्त देशी-देशी संकर. त्यातून जन्मलेली कालवड अतिपावसाच्या डोंगरात तिच्या आईएवढी टिकेल, याची हमी कोण देणार? ज्या जातीचा मूळ पट्टा आहे तेथे त्याच जातीच्या निवडक वळूंचे वीर्य वापरावे. गीर, साहिवाल किंवा संकरित रक्त पट्ट्याबाहेरील गावठी गाईंसाठी राखावे. हा नियम धोरणात आहे. रेतनाच्या वेळी गोठ्यात तो पाळला जातो का, हा खरा प्रश्न आहे.

गोचीड-प्रतिकाराचे मोल परदेशाने आपल्या आधी ओळखले. ऑस्ट्रेलियाने भारतीय उपखंडातील साहिवाल आणि लाल सिंधी जनावरे नेली, जर्सीशी त्यांचा संकर केला आणि वासरांना मुद्दाम गोचिडींच्या संपर्कात आणून, ज्यांच्या अंगावर त्या कमी टिकल्या त्यांचीच पैदाशीसाठी निवड केली. ‘ऑस्ट्रेलियन मिल्किंग झेबू’ ही जात अशी घडली. आपल्या गाईंची कातडी त्यांनी मोजली. आपण मात्र ती अजून मोजलेली नाही. मोजणी अवघड आहे म्हणावे, तर तसेही नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना आणि प्रयोगशील पशुपालकांना माझी विनंती अशी आहे. गोचीडनाशक वापरून किमान चार आठवडे झाले असतील अशा वेळी, सकाळी, गाईच्या शरीराच्या एकाच बाजूवरील ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, फुगलेल्या गोचिडी मोजाव्यात. कान, मान, पोळी, कास, मांडीची आतील बाजू आणि शेपटीचे मूळ नीट तपासावे. एकाच गोठ्यातील सर्व गाईंची मोजणी एकाच दिवशी करावी आणि हा आकडा दुधाच्या नोंदीशेजारी लिहावा. वर्षातून तीन-चार वेळा हे केले की एक गोष्ट लक्षात येईल: निम्म्याहून अधिक गोचिडी मोजक्याच गाईंवर असतात. पुढील पिढीसाठी कालवड कोणाची ठेवायची, हे ठरवताना दूध आणि गोचीड हे दोन्ही आकडे समोर असावेत. दुधात उन्नीस-बीस असलेल्या दोन गाईंपैकी जिच्या अंगावर गोचीड कमी, तिची कालवड ठेवावी.

बाहेरून आणलेले जनावर किमान तीन आठवडे वेगळे बांधावे आणि गोचीडमुक्त झाल्यावरच दावणीला आणावे. संकरित वासरांना थायलेरिओसिसची लस द्यावी की नाही, हे आपल्या पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे. भिंतींच्या आणि गव्हाणीच्या भेगा बुजवाव्यात, चुना द्यावा. गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्या गोचिडी टिपतात; हा जुना उपाय आजही कामाचा आहे. शेण, मूत्र आणि उष्टा चारा एकत्र कुजू देऊ नये, कारण पायांना चावणारी तबेला माशी त्यातच वाढते. एकच औषध वर्षानुवर्षे वापरू नये. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिनला न जुमानणाऱ्या गोचिडी देशाच्या अनेक भागांत आढळल्या आहेत. पिकावरील कीटकनाशक तर जनावरावर कदापि फवारू नये. ते गाईला विषबाधा करते आणि दुधातून आपल्याच घरात येते.

संशोधन संस्थांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. वळूच्या माहितीपत्रकात त्याच्या आईचे आणि मुलींचे दूध असते, फॅट असते. त्यात मुलींच्या अंगावरील गोचिडींचा आकडाही यावा. त्यासाठी नवी प्रयोगशाळा उभारावी लागत नाही. दूधनोंदणीला गोठ्यात जाणाऱ्या माणसाने दहा मिनिटे अधिक द्यावी लागतात. त्या दहा मिनिटांचे मानधन मात्र त्याला मिळाले पाहिजे, अन्यथा हा रकाना कोराच राहील.

संध्याकाळी परतताना सियालदहच्या फलाटावर रिकाम्या टोपल्या गावाकडे निघाल्या होत्या. उद्या त्या पुन्हा भरून येतील, कारण वाटेवरील गोठ्यांतल्या गाई उद्याही दूध देणार आहेत. आपल्या गोठ्यातील गाय पुढची दहा वेते तशीच देत राहावी असे वाटत असेल, तर तिला विकत घेण्यापूर्वी किंवा तिच्यासाठी वीर्य निवडण्यापूर्वी एकदा तिच्या मानेखालून, मांडीतून आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहावा.